वाट पाहणाऱ्याचे देणे

गेल्या सात-आठ वर्षांत मला एक व्यसन जडले आहे, आणि ते सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शोभणारे नाही. मी चित्रपटांचे ट्रेलर पाहतो. तेही साध्यासुध्या चित्रपटांचे नव्हेत; आकाशात उडणाऱ्या, भिंती चढणाऱ्या आणि रागावले की हिरव्या होणाऱ्या अमेरिकन वीरांच्या चित्रपटांचे. दोष माझ्या नातीचा. ती या वीरांची भक्त आहे. मी त्यांना 'अतिमानव' म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. अतिमानव म्हटले की मला नीत्शे आठवतो आणि तिला लाल झगा.

ट्रेलर पाहण्याचा तिचा एक विधी आहे. पहिल्यांदा तो तोंडातून शब्द न काढता पाहायचा. दुसऱ्यांदा जागोजागी थांबवून, बोटांनी चित्र मोठे करून, मागच्या भिंतीवर काय लिहिले आहे, कोणाची सावली पडली आहे, हे तपासायचे. तिसऱ्यांदा मला शेजारी बसवून समजावून सांगायचे. १९ डिसेंबर २०२४ रोजी 'सुपरमॅन'चा ट्रेलर आला. आरंभीच तो सर्वशक्तिमान पुरुष रक्तबंबाळ होऊन बर्फात कोसळतो आणि कशीबशी एक शीळ घालतो. दुरून बर्फ उधळीत एक पांढरा कुत्रा धावत येतो, आणि तो कुत्र्याला म्हणतो, मला घरी ने. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले. पुढे ११ जुलै २०२५ रोजी चित्रपट लागला तेव्हा तो नेमका त्याच प्रसंगाने सुरू झाला. नात अंधारात माझ्या कानाशी पुटपुटली, "शब्द पाळला."

हा तिचा शब्द माझ्या मनात राहून गेला. दोन-अडीच मिनिटांच्या जाहिरातीने कसला शब्द दिला होता? कोणाला? आणि तो पाळला नसता तर कोणाचे काय बिघडणार होते?

ट्रेलरमध्ये विकाऊ वस्तू असते चित्रपट. पण ट्रेलर स्वतः देतो ती वस्तू निराळी. तो देतो वाट पाहणे. २०२५ च्या मार्चमध्ये 'अव्हेंजर्स : डूम्सडे' या चित्रपटात कोणकोण नट आहेत हे जाहीर करायचे होते. एक यादी छापली असती तर काम भागले असते. त्याऐवजी निर्मात्यांनी पाच तासांहून अधिक वेळ नुसत्या खुर्च्या दाखवल्या! खुर्चीच्या पाठीवर नटाचे नाव. थोड्या थोड्या वेळाने शेजारी दुसरी खुर्ची. ना गोष्ट, ना संवाद. आमच्याकडे तेव्हा रात्रीची जेवणे व्हायची होती. मी तासाभराने झोपायला गेलो. नात मध्यरात्रीनंतरही खुर्च्या पाहत होती. सकाळी मी जरा उपहासानेच विचारले, "काय मिळालं?" ती म्हणाली, "आजोबा, मजा खुर्च्यांची नव्हती. पुढची कोणाची असेल याची होती." ज्याने लहानपणी एस.टी.च्या फाट्यावर मामाची वाट पाहिली आहे, आणि दूरवर धुरळा दिसला की प्रत्येक वेळी 'हीच ती' असे म्हटले आहे, त्याला हे उत्तर हसण्यावारी नेता येत नाही.

ट्रेलर या शब्दाचा अर्थ 'मागून येणारा'. आरंभी या जाहिराती मुख्य चित्रपटाच्या शेपटीला जोडत; पण चित्रपट संपताच प्रेक्षक उठून जाऊ लागले, म्हणून त्या पुढे आणल्या, आणि नाव मात्र मागचेच राहिले. अमेरिकेत त्यांची सुरुवात १९१३ ची मानतात. आपल्याकडे त्याच वर्षी, ३ मे रोजी, गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच्या एका जाहिरातीची गोष्ट प्रसिद्ध आहे : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत अवघी तीन आणे. मला ही जाहिरात फार आवडते. कापड दुकानदाराने गजाने मोजून द्यावे तसा तो व्यवहार आहे. आणि तोही कोणाच्या चरित्रासाठी, तर स्वप्नात दिलेला शब्द जागेपणी पाळणाऱ्या राजाच्या!

पण सगळेच फाळके नसतात. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी उरुसात तंबूतला सिनेमा येई. टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगवलेले फलक, आत ताशा आणि कर्णा. एका वर्षी फलकावर नायक वाघाशी झुंजत होता. वाघ असा काढला होता की त्याच्या जिभेवरची लाळ दिसावी. मी आठ दिवस घरातल्या सोफ्यावर, मांजरावर आणि धाकट्या भावावर ती झुंज खेळलो. तंबूत गेलो. चित्रपटात वाघ नव्हता. एक बैलगाडी होती, एक दुष्ट सावकार होता, पुष्कळ रडारड होती, वाघ नव्हता. परतताना मी वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पेंटरनं काढला असेल हौसेनं." आज साठ वर्षे होऊन गेली, तो चित्रपट मला एका दृश्यापुरताही आठवत नाही. वाघ आठवतो.

माझ्या नातीचा वाघ हिरवा होता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी 'अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'चा पहिला ट्रेलर आला, तेव्हा ती सहावीत होती. त्याच्या शेवटी सगळे वीर एका माळरानावरून शत्रूवर तुटून पडतात, आणि त्यांच्या बरोबरीने, माती उडवीत, हल्क धावत येतो. हल्क तिचा सर्वांत लाडका. मुलीने रागावू नये असे जिला दिवसातून दहादा सांगितले जाते, तिला रागावूनच बलवान होणारा वीर आवडावा यात नवल नाही. पुढचे पाच महिने त्या धावण्यावर गेले. वहीच्या मागच्या पानांवर हल्क, गणपतीच्या उरलेल्या हिरव्या रंगात हल्क, दाराच्या आतल्या बाजूला हल्क. परीक्षा संपली, २७ एप्रिल २०१८ रोजी चित्रपट लागला, आणि तिला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले.

चित्रपटात हल्क सुरुवातीलाच थानोसच्या हातून मार खातो आणि जो दडून बसतो तो बाहेर यायलाच तयार होत नाही. माळरानावरच्या लढाईत तो नाहीच. त्याच्या जागी त्याचा शास्त्रज्ञ अवतार लोखंडी चिलखत घालून अडखळत लढतो. कथेच्या दृष्टीने ही कल्पना मला चांगली वाटली. बलाढ्य माणसाला भीती वाटणे हा तर मोठा विषय आहे. पण शेजारी अकरा वर्षांची पोर खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी मला सांगत होती, "आता येईल." शेवटी विश्वातील निम्मी जीवसृष्टी राख होऊन उडून गेली. थिएटरात लोक हुंदके देत होते. ती त्यांच्यासाठी रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "पण त्यांनी दाखवला होता."

दिग्दर्शकांनी पुढे उघडच सांगितले की ट्रेलर आणि चित्रपट हे ते दोन वेगळे अनुभव मानतात. कथेतले रहस्य राखायचे म्हणून दृश्ये बदलली. खोटे बोलणे आणि गुपित राखणे यांतली सीमा कोठे आहे हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न. कांटने १७९७ साली एका निबंधात, जिवावर उठलेल्या माणसालाही खोटे सांगू नये, इथवर मजल नेली होती. आपल्याला एवढे दूर जायला नको. 'नरो वा कुंजरो वा' पोरासोरांना ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला हे धर्मराजाने मोठ्याने सांगितले. माणूस की हत्ती, एवढे हळू म्हटले. आणि कथेकरी सांगतात की नेमके त्याच क्षणी श्रीकृष्णाने शंख फुंकला. ट्रेलर पाहताना मला तो शंख हमखास ऐकू येतो. पडद्यावर चार शब्द खरे उच्चारले जातात आणि पाचव्या शब्दाच्या वेळी शंभर वाद्ये एकदम गर्जतात. मात्र धर्मराजाचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटे वर चाले, तो खाली टेकला. ट्रेलरवाल्यांचे रथ पहिल्यापासूनच जमिनीवर असल्यामुळे त्यांना हे भय नाही.

पण माझ्या नातीनेच चार वर्षांनी मला या उपमेतली खोट दाखवून दिली. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी 'स्पायडर-मॅन : नो वे होम'चा दुसरा ट्रेलर आला. रात्रीच्या अंधारात, पायाड बांधलेल्या एका उंच जागी, आपला स्पायडर-मॅन एकटा तीन दुष्टांवर झेप घेतो. या भूमिकेत पूर्वी आणखी दोन नट होऊन गेले होते. २००२ पासून टोबी मॅग्वायर आणि २०१२ पासून अँड्र्यू गारफिल्ड. ते दोघे या चित्रपटात परत येणार अशी जगभर कुजबूज होती. गारफिल्डला मुलाखतकार विचारीत आणि तो महिनोन्महिने, चेहऱ्याची रेषा न हलवता, नाही म्हणे. ट्रेलरमध्ये झेप एकट्याची होती. परंतु ब्राझीलमध्ये दाखवलेल्या ट्रेलरात भक्तांना एक चमत्कार दिसला : सरड्याच्या रूपातल्या दुष्टाचे तोंड, कोणीही मारलेले नसताना, फटकन एका बाजूला फिरते. मारणारा पुसला होता. बसलेला ठोसा पुसायचा राहिला होता.

नातीने ते दृश्य मला किमान पंधरा वेळा दाखवले. १६ डिसेंबरला आम्ही थिएटरात होतो. साथीनंतर महाराष्ट्रातली चित्रपटगृहे ऑक्टोबरमध्ये नुकती उघडली होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायचा नियम होता. पण ते दोघे एकामागून एक पडद्यावर आले तेव्हा जो कल्लोळ झाला, तो रिकाम्या खुर्च्यांनीही केला असावा. मास्क लावलेली अनोळखी माणसे एकमेकांचे हात धरून ओरडत होती. माझी नात उभी राहून रडत होती.

घरी येताना मी म्हटले, "याही वेळी फसवलंच की तुम्हाला. हल्कच्या वेळी रडलीस, आणि आता खूश?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, या वेळी आम्हाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे. तो नाही म्हणत होता तेव्हा आम्ही हसत होतो. हल्कच्या वेळी मला खेळ चाललाय हेच माहीत नव्हतं."

पुस्तके चाळून मला सापडले नसते असे उत्तर पोरीने रिक्षात दिले. लपंडावात भिडू खांबाआड लपतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण ज्याला राज्य आहे त्याला आपल्यावर राज्य आहे हे ठाऊक असले पाहिजे. नसेल, तर तो खेळ नव्हे. द्रोणाचार्य खेळत नव्हते.

(जाता जाता एक गंमत. २०१६ च्या 'सुइसाइड स्क्वॉड'चा ट्रेलर लोकांना इतका आवडला की, अशी बातमी तेव्हा प्रसिद्ध झाली होती, चित्रपटाची एक आवृत्ती कापून जोडायचे काम ट्रेलर करणाऱ्यांनाच दिले गेले. म्हणजे लग्नपत्रिका झोकात छापली म्हणून छापखानेवाल्यालाच नवरा मुलगा घडवायला सांगण्यापैकी! चित्रपट मी पाहिला आहे. पत्रिका चांगली होती.)

हे सगळे मी एक प्रेक्षक म्हणून लिहिले असते आणि थांबलो असतो. पण मीही एक ट्रेलर कापला आहे.

माझी थोरली बहीण वाईला एकटी राहते. तिचा मुलगा टोरांटोला असतो. २०२२ च्या भाद्रपदात त्याचा मला फोन आला : "मामा, दिवाळीला येतोय. आईला सांगू नका, सरप्राइज द्यायचंय." मला कल्पना आवडली. त्याने आईला, रजा नाही, असे सांगितले. तिने मला विचारले. मी म्हटले, "हो ग ताई, मलाही तसंच म्हणाला." पुढचा दीड महिना आठवड्यातून दोनदा मी हे वाक्य निरनिराळ्या चालींवर म्हटले. ती म्हणे, "असू दे रे, काम महत्त्वाचं." मी मनातल्या मनात गालात हसे.

नरक चतुर्दशीच्या पहाटे त्याने दार वाजवले. त्याच्या एका मित्राने जिन्यात उभे राहून सगळे चित्रित केले. ताईने दार उघडले, हातातला तांब्या खाली पडला, तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. ती चित्रफीत पुष्कळांनी पाहिली; पाहणाऱ्यांनी बदाम आणि डोळ्यांतले पाणी पाठवले. ताईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "माझं तोंड बघ कसं वेडंवाकडं झालंय," आणि फोन परत दिला.

भाऊबीजेला मी गेलो. ओवाळून झाल्यावर, भाचा बाहेर गेलेला पाहून, निरांजनाची वात सारीत ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना रे?"

मी हसून मान हलवली.

"आनंद झाला. नाही कशाला म्हणू? पण दीड महिना मी तो येणार नाही म्हणून काढला. तेच दिवस मला तो येणार म्हणून काढता आले असते. ते कोणी खाल्ले?" आणि मग, जणू खरी तक्रार हीच, "त्याला अनारसे आवडतात. विकतच्या करंज्या खाल्ल्या पोरानं."

ज्यांच्या घरी अनारसे होतात त्यांना हे सांगायला नको. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग उपसून, सावलीत फडक्यावर पसरून, कुटून, चाळून, गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. अचानक दारात आलेल्या माणसाला चिवडा करून देता येतो, शिरा करता येतो. अनारसा ज्याची वाट पाहिली आहे त्यालाच मिळतो.

आपण एखाद्याला आनंदाचा क्षण देतो तेव्हा त्याच्याकडून काही घेतही असू, हे मला तोवर सुचले नव्हते. वाट पाहणे ही ज्याची त्याची मालमत्ता आहे. ट्रेलरवाल्यांनी माझ्या नातीला पाच महिने दिले आणि त्यांत एक खोटे नाणे मिसळले. मी ताईला नाणे खणखणीत दिले, पण दीड महिना तिच्या पेटीतून काढून घेऊन. दोघांत अधिक दोषी कोण, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. नातीला विचारले तर ती म्हणते, "तुम्ही." पण ती माझ्यावर रागावलेली असताना तिला विचारले होते.

एवढ्यावर भागले असते तर मी हे विसरलो असतो. पुढच्या वर्षी भाच्याच्या नोकरीत खरोखरच अडचण आली. त्याने आईला येत नसल्याचे कळवले. मीही कळवले. ताई फोनवर हसली. "बरं बरं," म्हणाली, "नाही ना येत? ठीक आहे." मी म्हटले, "ताई, खरंच नाही येणार." ती म्हणाली, "मागच्या वर्षीही अगदी असंच म्हणालास." मी शपथ घेतली, तिला ती आणखी गमतीची वाटली. गारफिल्डने नाही म्हटले की भक्त जसे हसत तशी ती हसत होती. आता तिला खेळ ठाऊक झाला होता, आणि नेमका याच वेळी खेळ नव्हता.

भाऊबीजेला गेलो तेव्हा शेजारच्या बाईंनी सांगितले की नरक चतुर्दशीला ताईने पहाटे चारला दोन पाट मांडले होते, दोन वाट्या उटणे कालवले होते, आणि उजाडेपर्यंत दाराची कडी काढून ठेवली होती. ताई स्वतः काही बोलली नाही. जेवताना डबा उघडून तिने माझ्या पानात दोन अनारसे वाढले. डबा काठोकाठ भरलेला होता. जाळी सुरेख पडली होती. मी दोन्ही खाल्ले. घशाखाली कसे उतरले ते मलाच माहीत.

तेव्हापासून नात 'तो नट म्हणतोय की तो पुढच्या चित्रपटात नाही' असे आनंदाने सांगू लागली की मला तिचा हेवाही वाटतो आणि भीतीही. 'नाही' या शब्दाचे नाणे तिच्या जगात केव्हाच बंद झाले आहे. तिथे त्याने कोणाचे पोट उपाशी राहत नाही. आमच्याकडे ते एका वर्षात मी बंद पाडले.

या वर्षी गणपती उठले आणि भाच्याचा फोन आला. येतो आहे. आणि म्हणाला, "मामा, आईला सांगू नका हं."

मी म्हटले, "तू आजच्या आज सांगितलं नाहीस तर मी सांगतो."

"त्यात काय मजा राहिली मग?"

मला त्याच्याशी वाद घालता आला नाही. फोनवर वाद घालायला मी फार सावकाश बोलतो. पण त्याने सांगितले. ताईचा अर्थात विश्वास बसला नाही. तिने मला विचारले, मी हो म्हटले. तिने नातीला विचारले, तिने हो म्हटले. शेवटी त्याच्याकडून विमानाच्या तिकिटाचे चित्र मागवून ते शेजारच्या मुलाकडून कागदावर छापून घेतले आणि कालनिर्णयाशेजारी टाचणीने लावले. नातीने त्या भिंतीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, टीझर लागला."

परवा ताईचा पुन्हा फोन. तांदूळ कधी भिजत घालू, म्हणून विचारत होती. मी म्हटले, "अग, अजून चाळीस दिवस आहेत."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "जुना तांदूळ मिळत नाही नंतर, म्हणून आणून ठेवलाय. रोज एकदा निवडते."